चहाचा चोथा आणि सोळा रविवार

मावशी दवाखान्यात आल्या त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. डाव्या गालावर, कानाच्या पुढ्यात, सुती फडक्याची घडी चिकटपट्टीने बसवलेली. घडी काढली तर आधी वास आला, चहाचा. त्यामागून गवती चहाचा. तपकिरी चोथ्याचा थर बोटाने बाजूला केल्यावर खाली ओली, कडा उचललेली जखम दिसली. बुडाशी दाबलं तर कडक. जखमेच्या कडेने भाजल्यासारखे तीन-चार बारीक फोड होते. ते मात्र ताजे, आठवड्याभरातले.

"चहाच लावला डॉक्टर, इख थोडंच लावलंय," मावशींनी मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं.

हर्णै बंदराच्या अंगाला असलेल्या एका गावातलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून वय आणि नाती थोडी इकडची तिकडे केली आहेत. मावशी पन्नाशीच्या पुढच्या. जन्मापासून अंगात रंगद्रव्य नाही: केस ताकासारखे, पापण्या पांढऱ्या, बुबुळं एका जागी ठरत नाहीत. वैद्यकात याला अल्बिनिझम म्हणतात, गावात भुरी म्हणत आले. घरची होडी आहे. सून लिलावाला बसते, मावशी जवळा सुकवतात. शेणाने सारवलेल्या खळ्यावर जवळा पसरायचा, दर तासाला खराट्याने हलवायचा, कावळे हाकायचे. चाळीस वर्षं हेच काम. कोकणात उन्हाखेरीज ज्याचं पान हलत नाही असा धंदा, आणि तो करणारी बाई अशी की जिच्या कातडीला ऊन अडवायला काहीच नाही. निदान करायला यापेक्षा जास्त माहिती फारशी लागत नव्हती. तुकडा काढून तपासायला पाठवला तो कागदावर खात्री हवी म्हणून.

अहवाल आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग. पेशी अजून बऱ्यापैकी मूळ रूप धरून होत्या, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. गळ्यात गाठी लागत नव्हत्या. पण कानाजवळची जागा या आजाराला वाईट, तिथून तो गाठींकडे लवकर सरकतो. म्हणून शस्त्रक्रिया तालुक्याला न करता मोठ्या शहरात पाठवलं. कडेची चांगली दिसणारी सहा मिलिमीटर कातडी धरून जखम काढली, गालाचीच कातडी सरकवून जागा भरली. कडा स्वच्छ आल्या. शस्त्रक्रियेची गोष्ट एवढीच. हे सगळं लिहायला बसलो ते त्याआधीच्या साडेतीन महिन्यांसाठी.

भाच्याचा मोबाइल

मावशींबरोबर त्यांचा भाचा होता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. चोथ्याची कल्पना त्याची. त्याच्या ग्रुपवर मेसेज आला होता: अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, चहातलं कॅफीन त्वचेवर लावलं की कॅन्सर ७२ टक्के कमी होतो, डॉक्टर सांगणार नाहीत, उकळलेल्या चहाचा चोथा लिंबू पिळून रोज रात्री बांधा.

मी जरा चिडूनच बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, मी आधी शोधलं होतं. तो पेपर खरंच आहे. ७२ टक्केही खरं आहे."

आणि ते खरं होतं. माझी पंचाईत तिथे सुरू झाली.

त्याने आणखी एक काम केलं होतं, जे मी स्वतः इतक्या शिस्तीने केलं नसतं. घटस्थापनेनंतरच्या पहिल्या रविवारपासून दर रविवारी, त्याच खिडकीपाशी, गालाशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढला होता. सोळा रविवार, सोळा फोटो. मी ते टेबलावर एकामागून एक सरकवत पाहिले.

पहिल्या फोटोत नाण्याच्या पाव रुंदीचा, वर पिवळट खपली चढलेला खरखरीत फोड. दुसऱ्या रविवारी खपली नाही, जागा गुलाबी, सपाट. तिसऱ्या रविवारी आणखी स्वच्छ. हे फोटो दाखवून "काय वाटतं?" असं विचारलं असतं तर दहातल्या नऊ जणांनी "बरं होतंय" म्हटलं असतं. घरातही तेच म्हणाले. झालं होतं काय, तर रात्रभर ओला चोथा बांधल्याने वरची कडक खपली भिजून सुटली. नुसत्या पाण्याचं फडकं बांधलं असतं तरी सुटली असती. खपली ही आजाराची टोपी होती. टोपी उडाली, डोकं तसंच राहिलं. पाचव्या फोटोपासून खपली परत दिसते, सातव्यात तिच्याखाली कड उचललेली, अकराव्यात मध्ये खड्डा. सोळाव्या फोटोत जखम नाण्याच्या दोन तृतीयांश रुंदीची आहे. माझ्या मापाने १४ मिलिमीटर.

म्हणजे सोळा फोटोंपैकी दोनच सुधारणा दाखवतात, आणि ते नेमके पहिल्या तीन आठवड्यांतले. त्या दोन फोटोंच्या भरवशावर उरलेले तेरा आठवडे गेले. वाईट दिसायला लागलं तेव्हा घरच्यांनी काढलेला अर्थही त्यांच्या दृष्टीने बरोबर होता: औषध चालू आहे, मात्रा कमी पडतेय. म्हणून लिंबू वाढवलं, परसातल्या विहिरीकडचा गवती चहा ठेचून त्यात घातला.

गवती चहाबद्दल इथेच सांगून टाकतो. तो चहा नव्हेच. वासाचं गवत आहे, त्यात कॅफीनचा कणही नाही. आपण कोकणात दोन्हींना चहा म्हणतो आणि दोन्ही एकाच टोपात उकळतो, म्हणून मेसेजमधला चहा घरात शिरताना वाटेत बदलला. आणि लिंबू? लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की कातडीवर रस राहिला आणि ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते. मावशी सकाळी घडी सोडून, तोंडावर पाणी मारून तशाच खळ्यावर जात. कडेचे ताजे फोड हे त्याचं फळ.

मेसेजमध्ये लिंबू आलं कुठून, याचा माझा अंदाज असा. अ‍ॅरिझोनात २००० सालच्या आसपास एक अभ्यास झाला. त्यात गरम कोरा चहा पिणाऱ्यांत, आणि संत्र्या-लिंबाची साल खाणाऱ्यांत, याच स्क्वॅमस कर्करोगाचं प्रमाण कमी दिसलं होतं. पिणाऱ्यांत आणि खाणाऱ्यांत. फिरत फिरत कुणीतरी पिणं-खाणं गाळलं आणि बांधणं घातलं.

उंदरांचा दिवा

भाच्याला मी पुढच्या खेपेला पेपर घेऊन बोलावलं. मावशींची टाक्यांची तपासणी होती, त्याही बसल्या ऐकत.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात ॲलन कॉनी आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून या विषयावर काम करत होते. प्रयोग केसहीन उंदरांवर. आधी पिण्याच्या पाण्याऐवजी चहा देऊन पाहिला, हिरवा आणि काळाही, आणि अतिनील किरणांनी होणाऱ्या गाठी कमी झाल्या. सगळ्यांचा कयास होता की हे चहातल्या पॉलिफेनॉल या तुरट द्रव्यांचं काम. मग १९९७ साली त्यांनी कॅफीन काढलेला चहा देऊन पाहिला. त्याचा गुण बराचसा गेला. त्यात कॅफीन परत घातलं, तर गुण परत आला. मला स्वतःला या सगळ्यात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. काय काढल्यावर काय बिघडतं ते बघायचं, मोटार दुरुस्त करणारा बघतो तसं.

७२चा आकडा २००२च्या पेपरातला. उंदरांना आठवड्यातून दोनदा, वीस आठवडे, अतिनील-ब किरणांच्या दिव्याखाली ठेवलं. मग दिवा बंद. तोवर गाठी आल्या नव्हत्या, पण कातडीत त्या यायची तयारी पुरी झालेली. तिथून पुढे अठरा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, काहींच्या पाठीवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं शुद्ध कॅफीन लावलं, काहींच्या पाठीवर हिरव्या चहातलं इजीसीजी हे द्रव्य, उरलेल्यांना नुसतं ॲसिटोन. कॅफीन लावलेल्यांत साध्या गाठी ४४ टक्क्यांनी कमी निघाल्या, कर्करोगाच्या ७२ टक्क्यांनी. इजीसीजीचे आकडे ५५ आणि ६६.

भाचा म्हणाला, "म्हणजे आत्याची गोष्टच झाली ना ही. चाळीस वर्षं ऊन, मग गाठ."

मुलगा हुशार आहे. बरीचशी तीच गोष्ट आहे, पण दोन ठिकाणी नाही. एक तर उंदरांना कॅफीन सुरू केलं ते गाठ येण्याआधी. आत्याला चोथा बांधला तो गाठ आल्यावर. कुंपण घालायचं ते गुरं शेतात शिरायच्या आधी. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. उंदरांचा दिवा बंद केला होता. मावशींचा दिवा रोज सकाळी उगवत होता.

चोथ्याचा हिशोब तर त्याहून सोपा. आपला चहा म्हणजे मिनिटभर बुडवलेली पुडी नव्हे. आपण साखर घालून खळाखळा उकळतो, खाली घेतो, पुन्हा एक आधण येऊ देतो. कॅफीन पाण्यात सहज उतरतं, इतक्या उकळीने ते जवळपास सगळं कपात गेलेलं असतं. गाळणीत राहतो तो चोथा. कॅफीन मावशींच्या पोटात, आणि गालावर त्याची टरफलं.

कॅफीन नेमकं करतं काय, हे मावशींना समजावताना माझी कसोटी लागली. उन्हाने पेशीच्या आतल्या जनुकांचे धागे तुटतात, चिकटतात. अशी पेशी दुभंगायला निघाली की एटीआर नावाचं एक प्रथिन तिला थांबवतं: आधी दुरुस्ती, मग पुढे. कॅफीन या एटीआरला गप्प करतं. मी म्हटलं, समजा बंदरात एक माणूस आहे, फुटक्या होडीला तो सोडत नाही, डागडुजी करायला लावतो. कॅफीन त्याला झोपवतं. फुटकी होडी तशीच निघते आणि धक्क्यापासून चार हातांवर बुडते. डागडुजी अर्धीमुर्धी झालेली होडी पार खोल समुद्रात जाऊन दगा देते, त्यापेक्षा ही इथेच बुडलेली बरी. बिघडलेली पेशी मरणं हाच इथे फायदा.

मावशी म्हणाल्या, "होडीत माणसं नसतील तर बरंच की."

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॉल न्घिएम यांच्या गटाने कॉनींच्या गटाबरोबर हीच कल्पना २०११ साली कॅफीनशिवाय तपासली. उंदरांच्या कातडीतलं एटीआर जनुकीय फेरफार करून निकामी केलं. त्यांना गाठी तीन आठवडे उशिरा आल्या, १९व्या आठवड्याला ६९ टक्के कमी होत्या. पण याच पेपरातली एक ओळ मेसेजात कधी येणार नाही: ३४व्या आठवड्यापर्यंत प्रत्येक उंदराला निदान एक गाठ झालेलीच होती. तिथे दिवा चालू ठेवला होता.

माणसांचं काय? परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातले पुरुष यांचे अमेरिकेत वर्षानुवर्षं चाललेले दोन मोठे पाहणी-अभ्यास आहेत. त्यातल्या १,१२,८९७ लोकांची माहिती २०१२ साली तपासली गेली. सर्वांत जास्त कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांत बेसल सेल कर्करोग, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या तळातल्या पेशींचा, १८ टक्क्यांनी कमी, पुरुषांत १३ टक्क्यांनी. बहुतेक कॅफीन कॉफीचं. स्क्वॅमस कर्करोगात असा फरक दिसला नाही. २०१५ साली ४,४७,३५७ गोऱ्या अमेरिकनांच्या पाहणीत रोज चार किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत मेलानोमा, म्हणजे त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, २० टक्के कमी आढळला, कॅफीनविरहित कॉफीत नाही. या पाहण्यांत कोणी कोणाला कॉफी प्यायला लावली नव्हती. जास्त कॉफी पिणारा माणूस कदाचित दिवसभर कचेरीत बसणारा असेल, त्याला ऊनच कमी लागत असेल. असले घटक हिशोबातून वजा करतात, पण सगळे वजा होत नाहीत. आणि मावशींचा आजार ना बेसल, ना मेलानोमा. स्क्वॅमस.

स्क्वॅमसवर माणसांतला पुरावा आहे, पण तो चहाचा नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नांबूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ जणांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. काहींना रोज सकाळी डोकं, मान, हात यांवर सनस्क्रीन लावायला दिलं, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे वागू दिलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. बेसलमध्ये फरक पडला नाही. म्हणजे बरोबर उलटं चित्र. भाच्याने हे वहीत लिहून घेतलं. "हे ग्रुपवर कोण टाकत का नाही?" त्याने विचारलं. मलम लावा यात गंमत काय, कोण पुढे पाठवणार?

खळं आणि सावली

सल्ला देणं सोपं असतं. "उन्हात जाऊ नका" असं मी म्हटलं असतं तर मावशी "बरं" म्हणून गेल्या असत्या, आणि खळ्यावर बसल्या असत्या. म्हणून मी एका रविवारी खळं बघायला गेलो.

तिथे एक गोष्ट कळली जी दवाखान्यात कळली नसती. मावशी उन्हाची काळजी घेत होत्या, पण भलत्या वेळी. संध्याकाळी बंदरावर लिलावाला जाताना पदर तोंडभर गुंडाळून घेत, कारण समोरून येणारं तिरकं ऊन त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं, मान खाली घातली की डोळ्यांत येत नाही, आणि घाम येतो म्हणून पदर मागे. डोळे सांगतात ते ऊन वेगळं, कातडी जाळतं ते वेगळं. अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात ते दुपारी, आणि ते ना दिसतात ना झोंबतात. मे महिन्याच्या मध्याला तर हर्णैला सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते.

म्हणून घड्याळाऐवजी सावली मोजायची ठरवली. आपली सावली आपल्यापेक्षा तोकडी, तर खळ्यावर जायचं नाही. सकाळी पसरायचं काम मावशींचं, दुपारचं हलवणं सुनेचं, चारनंतर गोळा करून निवडणं परत मावशींचं, तेही पडवीत. सुनेने कुरकुर केली. तिची बाजूही खोटी नव्हती, लिलावही तिच्याच अंगावर होता.

खळ्याच्या एका कोपऱ्यात झापांचा मांडव होता. पण मांडवात बसलं की झालं असं नाही. कोरड्या वाळूवरून सुमारे १५ टक्के अतिनील किरण उलटून येतात, फेसाळ पाण्यावरून २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून समुद्राकडची बाजू गोणपाटाने बंद केली. लांब बाह्यांचा सदरा मुलाचा मिळाला. रुंद काठाची टोपी मात्र मावशींनी साफ नाकारली: "माका काय साहेब करताव?" मग त्यांनीच माळ्यावरून जुनं इरलं काढलं. लावणीच्या वेळी पावसासाठी घालतात ते, बांबूच्या कामट्यांचं, पानांचं. वाकून खराटा फिरवताना ते डोकं, कान, मान, पाठ सगळं झाकतं. मी पंचवीस वर्षांत रुग्णांना टोप्या सांगत आलो. वाकून काम करणाऱ्या बाईला टोपी काय कामाची, हे मला सुचलं नव्हतं.

झिंक ऑक्साइडचं मलम सकाळी आणि दुपारी. पांढरा थर बाकीच्यांच्या चेहऱ्यावर भुतासारखा दिसतो, मावशींच्या चेहऱ्यावर दिसतच नाही. "जन्मात पहिल्यांदा या रंगाचा फायदा झाला," त्या म्हणाल्या.

चहा बंद करू का, हेही त्यांनी विचारलं. बंद करायचं काही कारण नाही. चार कप असोत, दुधाचा असो, कोरा असो. फक्त टोपातून बशीत आणि बशीतून तडक घशात नको. ६५ अंशांहून गरम पेय नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने संशयास्पद आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली ठरवलंय. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मात्र मी बंद करायला सांगितल्या. भाच्याने त्या मागवून ठेवल्याच होत्या, आणि मोठ्या मात्रेत त्या यकृताला त्रास देतात.

मार्च आणि एप्रिल व्यवस्थित गेले. मग आगोट, म्हणजे पावसाआधीची साठवणीची घाई, आली. जून आणि जुलैत मासेमारी बंद, त्याआधी वर्षभराचं सुकट करून ठेवायचं, आणि मुंबईचे व्यापारी याच दिवसांत येतात. सून तापाने पडली. मेच्या शेवटच्या दहा दिवसांत मावशी रोज दुपारी खळ्यावर होत्या. इरलं होतं, सदरा होता, पण बाह्या वर सारलेल्या, घामाला काय करणार.

जुलैच्या तपासणीला गालाची जागा स्वच्छ. डाव्या हाताच्या मनगटाच्या वर दोन नवे खरखरीत ठिपके, कर्करोगाच्या आधीच्या पायरीवरचे. द्रव नायट्रोजनने गोठवले. भाच्याच्या मोबाइलमध्ये त्या दोन ठिपक्यांचे जूनपासूनचे फोटो होते, नाण्यासकट. या वेळी दुसऱ्याच रविवारी त्याने ते मला पाठवले होते, आणि धो धो पावसात रस्ता बंद म्हणून मीच त्यांना तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं.

पुढची तारीख ऑक्टोबरची आहे. पुढल्या आगोटीत दुपारच्या खळ्यावर कोण, हे अजून ठरलेलं नाही. मावशींचं म्हणणं, मजुरीने बाई लावली तर जवळ्यात उरतं काय. सून गप्प आहे.